वजा सात मैल

“बावीस मैल, नैऋत्येला. पाणी निळं. सत्तावीस अंश.”

एवढं बोलून तो माणूस गप्प झाला, आणि रोसाल्बाने वहीत लिहिलं — पंधरा.

त्यात तिची काही चूक नव्हती. सिवातानेहोच्या धक्क्यावर दुपारी पांगा परतायला लागल्या, की ती वही घेऊन उभी राहायची. गळाने मासे धरायला आलेले पाहुणे लालबुंद खांदे चोळत त्या उघड्या होड्यांतून उतरायचे, वर पेलिकनांची भांडणं चाललेली असायची, आणि रोसाल्बा एकेका कप्तानाला तेच तीन प्रश्न विचारायची. किती मैलांवर? पाण्याचा रंग? पाणी किती उबदार? मग दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धक्क्याच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या काळ्या फळ्यावर ती हे सगळं खडूने लिहायची. फळा बघून होड्या दिशा ठरवायच्या.

अडचण एवढीच होती, की कप्तान खरं बोलायचे नाहीत. माणसं वाईट होती अशातला भाग नाही. पण पाठीवर शिडासारखा निळा पर उभारणारा वेला मासा आपल्याला कुठे लागला, हे तिथला कप्तान बायकोलाही सांगत नाही, तर धक्क्यावरच्या पोरीला काय सांगणार! रोसाल्बाच्या वडिलांनी, सेवेरोंनी, एकतीस वर्षं हा फळा चालवला होता, आणि एकतीस वर्षांत त्यांनी प्रत्येकाच्या थापेचं माप काढून ठेवलं होतं. कप्तान नाचो बोलला की पाच मैल वजा. नाचोने आईची शपथ घेतली तर दहा वजा. लेंचोचे मैल बरोबर असतात, दिशा मात्र उलटी धरायची. आणि नवा कप्तान आला तर सरसकट सात वजा. आता मोतीबिंदूने पापांना फळ्यावरचं अक्षर दिसत नव्हतं, म्हणून जानेवारीपासून खडू रोसाल्बाच्या हातात आला होता. माप मात्र त्यांचंच होतं.

हा माणूस नवा होता. नाव एवेलिओ गालेआना. गाव पुएर्तो आन्हेल, खाली वाहाका राज्यात. इथल्या एका कप्तानाचा पाय मोडला म्हणून मालकाने याला मे महिन्यातल्या स्पर्धेपर्यंत बोलावून घेतलं होतं. नाकाची सालं निघालेली, आणि गळ्यात — रोसाल्बाला हसू आवरेना — दोरीला बांधलेला थर्मामीटर!

“हे काय? समुद्राचा ताप बघता की काय?”

“रोज बघतो.”

“मग? आज कसं आहे पेशंटचं?”

“किनाऱ्याजवळ थंडी वाजतेय बिचाऱ्याला,” तो गंभीरपणे म्हणाला. “बावीस मैलांवर जरा कणकण आहे.”

आणि त्याने सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. रोसाल्बा गोंधळली. खोटं बोलणारा माणूस इतकं सरळ बघत नाही... किंवा मग फारच मुरलेला असणार. तिने पेन्सिल कानावर खोचली आणि पंधरा तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी अकरा होड्या पंधरा मैलांवर गेल्या, आणि अकराच्या अकरा हात हलवत परत आल्या.

“फळ्यावर काय लिहिलंस गं?” कप्तान नाचो धक्क्यावर पाय ठेवायच्या आतच ओरडला. पोट आणि आवाज, दोन्ही बाबतींत त्या उपसागरात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. “पाणी आहे का ते? हिरवंगार! माझे पाहुणे चार तास पोसोलेच्या हिरव्या रश्शात गळ टाकून बसले होते!”

त्याच्यामागून एवेलिओची पांगा शांतपणे धक्क्याला लागली. तिच्या दोरीवर पाच छोटी निशाणं फडफडत होती, पाचही उलटी. म्हणजे पाच वेला गळाला लागले आणि पाचही परत सोडून दिले.

“बावीस मैल,” एवेलिओ म्हणाला. “काल सांगितलं होतं की.”

रोसाल्बाच्या तोंडचं पाणी पळालं. ती तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “तुम्ही काल... खरं सांगितलंत?”

“हो.”

“म्हणजे धडधडीत खरं?”

“हो... का? चुकलं का माझं?”

“चुकलंच! आधी सांगायला नको, की मी खरं सांगतोय म्हणून?”

शेजारी रोसाल्बाच्या मावशीची, कुकाची गाडी होती. लिंबाच्या रसात ताज्या माशाचे पातळ काप, वर कांदा आणि हिरवी मिरची. खाणारे सगळे घास हातात धरून हसत होते. एवेलिओ तेवढा हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता, जसं नवं पाणी बघावं तसं.

गुरुवार उजाडला. सिवातानेहोत गुरुवारी कुणी घरी जेवत नाही. सगळं गाव हिरव्या पोसोलेच्या, म्हणजे मक्याच्या रश्शाच्या, वाडग्यांवर वाकलेलं असतं, आणि कप्तानांची बैठकही त्याच टेबलावर होते. त्या दिवशी नाचोने तोंडातला मका गिळला आणि मुद्द्याला हात घातला.

“सेवेरो, राग मानू नकोस. तुझा फळा म्हणजे तुझा फळा. पण आता तरण्या पोरांच्या फोनवर समुद्राचा रंग दिसतो. बीअरवाले त्या फळ्याच्या जागेवर जाहिरात रंगवायला मागतायत. अजून एकदा असं झालं, तर... स्पर्धेनंतर बघू काय ते.”

पापा वाडग्यात लिंबू पिळत राहिले. लिंबाचा रस संपला तरी पिळत राहिले, आणि रोसाल्बा त्या लिंबाकडे बघत राहिली. दिसत नसलं तरी रोज पहाटे ते फळ्याखालच्या बाकावर येऊन बसायचे, आणि खडूचा नुसता आवाज ऐकायचे. त्या जागेवर बीअरची बाटली रंगवली तर ते बसणार कुठे?

त्या दिवसापासून रोसाल्बाने वहीच्या शेवटच्या पानावर एवेलिओचे आकडे वेगळे लिहायला सुरुवात केली. वजाबाकी न करता, तो बोलला तसेच. आणि रोज संध्याकाळी बाकीच्यांच्या निशाणांशी ती ते ताडून बघायची. मंगळवार, अठरा मैल — बरोबर. बुधवार, एकोणीस, पाण्यात कचऱ्याची रेघ, रेघेखाली डोराडो मासे — बरोबर. शनिवारी तो म्हणाला, “आज काहीच मिळालं नाही,” आणि खरंच काहीच मिळालेलं नव्हतं! हे मात्र फारच झालं. मासा न मिळाल्याचं कबूल करणारा कप्तान तिने जन्मात पाहिला नव्हता.

हा माणूस आहे तरी कसा? जेवताना, केस विंचरताना, बाजारात आंबे दाबून बघताना तिच्या डोक्यात तेच. का बोलत नाही हा खोटं? कुठेतरी पाणी मुरतंय खास.

“कुठेतरी मुरतंय खरं,” कुका मावशी मिरची चिरता चिरता म्हणाली. “पण त्याच्याकडे नाही, तुझ्याकडे. आठवडाभर त्याच्या वाटणीच्या कापांवर कांदा दुप्पट घालतेयस.”

“मावशी!”

“माझं काय जातंय. कांदा स्वस्त आहे.”

शेवटी रोसाल्बाला राहवलं नाही. एका सोमवारी एवेलिओला पाहुणे नव्हते. ती त्याच्या पांगेपाशी गेली आणि म्हणाली, “मला समुद्रावर यायचंय. तुमचा तो थर्मामीटर खरा आहे का, ते तपासायला.”

“थर्मामीटर तपासायला?”

“हो. फक्त थर्मामीटर.”

“बरं,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ऊन अजून वर आलेलं नव्हतं.

सहा मैलांपर्यंत पाणी हिरवं आणि गार होतं. दहा मैलांवर ते जरा उजळलं. मग एकाएकी, कुणी रेघ मारून ठेवावी तशी, हिरव्याची हद्द संपली आणि निळं सुरू झालं. इतकं निळं, की रोसाल्बाने न कळत हात बुडवला. हात परत काढावासा वाटेना.

“किती असेल?” त्याने विचारलं.

“सव्वीस... साडेसव्वीस.”

त्याने दोरी सोडली, वर ओढली, आणि थर्मामीटर तिच्यासमोर धरला. वाकून बघताना दोघांची डोकी आपटली. साडेसव्वीस.

“हात बरा आहे तुमचा,” तो कपाळ चोळत म्हणाला.

“आणि डोकं टणक आहे तुमचं.”

पुढे एक कासव तरंगत होतं, आणि त्याच्या पाठीवर एक समुद्रपक्षी ऐटीत उभा होता. एवेलिओने इंजिन बंद केलं. नुसतं पाणी होडीच्या कडेला चुबळुक चुबळुक वाजत राहिलं. रोसाल्बाने ठरवलं — आता नाही तर कधीच नाही.

“एक विचारू? तुम्ही खोटं का बोलत नाही?”

तो त्या पक्ष्याकडे बघत सांगू लागला. “माझे पापा आमच्या किनाऱ्यावरचे एक नंबरचे थापाडे होते. वीस म्हणाले की बारा समजायचे, हे लहान लेकरालाही ठाऊक. एकदा त्यांचं इंजिन बंद पडलं. रेडिओवर ओरडले, तीस मैलांवर आहे, या! आणि सगळे मदतीला धावले... बावीस मैलांवर.”

“अरे देवा!”

“दोन दिवस शोधत होते. ते खरंच तिसावर होते. जन्मात पहिल्यांदा खरं बोलले, तर लोकांनी आठ वजा केले.” तो हसला, पण हसू पूर्ण उमटलं नाही. “सापडले म्हणा. भाजून निघाले होते, आल्या आल्या अकरा पोळ्या खाल्ल्या. पण त्या दोन दिवसांत आईचे केस पिकले. तेव्हा मी ठरवलं. माझ्या बोलण्यातून कुणाला काही वजा करायला लागू नये.”

रोसाल्बाला वहीतले ते पंधरा आठवले. पहिल्याच दिवशी तिने याच्यातून सात वजा केले होते. तिला एकदम रडू आल्यासारखं झालं, आणि मग तो फार आवडला. अगदी स्पष्ट कळलं तिला ते. पोटात, सरळ.

“तुमच्याकडे कसं कळतं, कोण किती खोटं बोलतोय?” त्याने विचारलं.

“नाचो खोटं बोलताना डावा पाय खाजवतो. लेंचो टोपी काढतो. तुम्ही...” ती थांबली. “तुमचं काय होतं ते मला माहीत नाही. तुम्ही कधी खोटं बोललातच नाही. पण इथे राहायचं असेल ना, तर एखादी तरी थाप मारता आली पाहिजे. नाहीतर या उपसागरात कुणी कप्तान मानणार नाही.”

“मी कुठे राहतोय इथे,” तो हळूच म्हणाला. “स्पर्धेपर्यंतच.”

परतताना ती त्याच्याकडे पाठ करून बसली. वारा डोळ्यांत जातो म्हणून — असं तिने सांगितलं.

स्पर्धेची आदली दुपार आली ती डोकं उठवणारी. नव्वद होड्या उद्या वेलासाठी उतरणार होत्या, धक्क्यावर बँड वाजत होता, आणि रोसाल्बाच्या वहीत नुसता गोंधळ होता. नाचो म्हणाला अठ्ठावीस मैल, पश्चिमेला, आईची शपथ. लेंचो म्हणाला पंचवीस, पूर्वेला. सगळं वजा केलं, उलटं-पालटं केलं, तरी उत्तर पश्चिमेलाच यायचं, अठरा ते पंचवीस मैलांमध्ये.

सगळ्यांत शेवटी एवेलिओ आला.

“नऊ मैल,” तो म्हणाला. “दक्षिणेला, पोतोसीच्या पांढऱ्या खडकांच्या खाली. अठ्ठावीस अंश. कोमट पाण्याचा एक पट्टा किनाऱ्याला चिकटून वर आलाय. वेला पाण्यावर लोळतायत.”

“नऊ?” बाकावरून पापा म्हणाले. “या दिवसांत, नऊ मैलांवर वेला? पोरा, ऊन लागलं का तुला?”

रोसाल्बाने वही मिटली. आवाज खाली आणला. “तू उद्या स्वतः तिथेच जाणार ना?”

‘तुम्ही’चा ‘तू’ कधी झाला, ते तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.

“हो.”

“मग मला का सांगतोस? मी फळ्यावर लिहिलं तर नव्वद होड्या तुझ्या डोक्यावर येऊन बसतील. बक्षीस जाईल. मालक तुला फाडून खाईल.”

“तू विचारलंस,” एवेलिओ म्हणाला. “म्हणून सांगितलं.”

पहाटे ती खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. तिने स्वतःलाच विचारलं — हे माप खरं आहे म्हणून मी लिहितेय, की माप देणारा आवडतो म्हणून? चुकलं तर फळा जाईल. पापांची एकतीस वर्षं जातील, एका लाल कानांच्या माणसापायी. तिने वहीचं शेवटचं पान उघडलं. एकोणीस दिवस. एकोणीस आकडे. एकाही ठिकाणी खोडाखोड नाही. आवडतो तो आवडतोच, त्याला आता इलाज नाही. पण हे एकोणीस आकडे तिच्या आवडण्याने बरोबर आले नव्हते.

बाकावर पापा कान देऊन बसले होते. खडू वाजला.

“किती लिहिलंस, पोरी?”

“नऊ, पापा. दक्षिण.”

“किती वजा करून?”

“काही नाही. बोलला तसं.”

पापांनी मान फळ्याकडे वळवली. मग म्हणाले, “अठ्ठावीस अंश ठळक लिही. ते लांबून दिसायला पाहिजे.”

फळा वाचून कप्तान हसले. नाचो तर पोट धरून हसला आणि पश्चिमेला सुटला. पण निम्म्या होड्या कुरकुरत का होईना, दक्षिणेला वळल्या. नऊ मैलच तर होते. नाही मिळालं तर परतता येईल, असा त्यांचा हिशोब.

दहाच्या सुमाराला कुकाच्या गाडीवरचा रेडिओ खरखरला. “इकडे काही नाही,” दक्षिणेकडच्या एका होडीवरून रडका आवाज आला. “रिकामं पाणी. येऊ नका कुणी.”

मागोमाग दुसरा, “आम्हालाही काही नाही. अगदी वैताग.”

तिसरा तर जवळजवळ हुंदकेच देत होता. रोसाल्बाचा चेहरा पांढरा पडला. पण पापा... पापा हसत सुटले. हसता हसता त्यांच्या आंधुक डोळ्यांतून पाणी आलं.

“अगं वेडे, ऐक की! तिघं तिघं रडतायत! इतके मासे तर मीही कधी ऐकले नव्हते!”

दुपारी होड्या आल्या त्या निशाणांनी लगडून. उलटी निशाणं, चार, सहा, आठ. पहिलं बक्षीस फळा वाचून दक्षिणेला गेलेल्या एका म्हाताऱ्या कप्तानाने मारलं. नाचो पश्चिमेहून रिकामा आला, फळ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “सेवेरो, फळ्याला नवा काळा रंग लावायला हवा. खडू उठत नाही नीट.” म्हणजे फळा राहिला. नाचोच्या भाषेत याहून मोठी माफी नसते.

एवेलिओ सर्वांत शेवटी आला. दोरीवर एकच निशाण. त्याने हेरलेल्या जागेवर चाळीस होड्यांची जत्रा भरली होती. मालक त्याच्यावर धक्काभर ऐकू जाईल असा ओरडला, पाय आपटत निघून गेला, आणि मग तिथे ते दोघंच उरले. बँडवाले वाद्यं आवरत होते. पाण्यावर उतरतं ऊन पसरलं होतं.

“वाईट वाटतंय?” रोसाल्बाने विचारलं.

“थोडं,” तो म्हणाला. मग विचार करून, “नाही, बरंच. बक्षिसात मोटारगाडी होती.”

ती हसली. मग हसू थांबलं. कानावरची पेन्सिल तिने काढली, परत लावली, परत काढली. “स्पर्धा संपली,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे आता तू... परत जाणार, पुएर्तो आन्हेलला?”

एवेलिओ उत्तर द्यायला थांबला. हे आधी कधीच झालं नव्हतं. त्याने पांगेकडे पाहिलं, पेलिकनांकडे पाहिलं, पोतोसीच्या पांढऱ्या खडकांकडे पाहिलं, सगळीकडे पाहिलं, फक्त तिच्या डोळ्यांत नाही. हात गळ्यातल्या थर्मामीटरपाशी गेला आणि बोटं दोरीला पीळ द्यायला लागली.

“हो,” तो म्हणाला. “उद्याच. पहिल्या बसने. आईची शपथ.”

रोसाल्बाने त्या बोटांकडे पाहिलं. दोरीला पीळ बसतच होता. ओठांवर यायचं ते हसू तिने कसंबसं दाबून धरलं. वही उघडली. कोरं पान काढलं.

“कप्तान एवेलिओ गालेआना,” ती लिहिता लिहिता म्हणाली, “यातून मी किती वजा करू?”

आता त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. सरळ, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं.

“सगळं,” तो म्हणाला.